भुजंगप्रयातात न बसलेला पंखा

१ फेब्रुवारी २०००, मंगळवार. चौसाळा

कॉम्प्युटर आज पुन्हा आठव्या मिनिटाला गेला. मनगटावरचं घड्याळ काढून मी समोरच ठेवलं होतं, म्हणून ठाम लिहितो. आधी पडद्यावरची अक्षरं जागच्या जागी थिजली, मग पडदा काळा झाला आणि खोलीत फक्त शेजारच्या गिरणीचा आवाज उरला.

माझी सून शिवांजली लातूरची, बी.कॉम. झालेली. लग्न होऊन चार वर्षं आमच्या घरात भाकरी थापल्या, आणि दिवाळीनंतर एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाली की मला कॉम्प्युटरचा क्लास काढायचाय. आमच्या वीरेशची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या पुढच्या खोलीत रिकामी पोती पडलेली असत. ती पोती बाहेर निघाली आणि औरंगाबादहून जुना कॉम्प्युटर एस.टी.च्या टपावरून गोधडीत गुंडाळून आला.

आता परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे साहेब २५ तारखेला मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येणार आहेत. त्यांच्यासमोर यंत्र दोन तास न थांबता चाललं पाहिजे. चाललं तर क्लासला मान्यता, नाही तर कागद परत. आणि कागद परत आले तर मार्चमध्ये त्या खोलीत मिरची कांडपाचं यंत्र बसेल, असं वीरेशने सांगून टाकलंय. हंगाम तोंडावर आहे, त्याचंही चूक नाही.

मला तर वाटतं यंत्राला करमत नाही. शाळेत पहिलीची पोरं पहिल्या आठवड्यात अशीच करत. आठ मिनिटं माझ्याकडे बघायची, मग डोळे थिजायचे. त्यांना मी पाखरांची कविता म्हणून दाखवायचो. आज यंत्रालाही म्हणून दाखवली. नऊ मिनिटं चाललं.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

सटवा आला होता. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मेंढरांमागे जन्म गेला. दळण ठेवून तो पुढच्या खोलीत डोकावला आणि चाललेल्या यंत्राच्या कुशीला हात लावला, आजारी मेंढीच्या कानाला लावतात तसा.

“गुरुजी, ह्याला ताप हाय,” म्हणाला. “लई ताप. ह्याची लोकर काढा.”

मी हसलो. सूनबाई हसली नाही. ती उठली, पेटीच्या मागच्या फटीत बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोटाला पांढरी लव लागली होती. पीठ! पलीकडे सकाळी सातपासून ज्वारी दळली जाते, मधे नुसतं एक फळीचं दार, आणि यंत्र मागून वारा ओढून घेतं. दीड महिना ते पीठच श्वासात घेत होतं.

तेव्हा करमत नाही ही माझी उपपत्ती मागे घेतो. अर्थात दोन्ही कारणं असू शकतात.

६ फेब्रुवारी, रविवार

बीडचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा सोमेश्वर, त्याला एस.टी.डी. बूथवरून फोन केला. त्याच्या बहिणीचं लग्न केजला आहे, शिवरात्रीपर्यंत त्याला मान वर करायला सवड नाही. तो म्हणाला की अवघड काही नाही, तुम्हीच करा, मी सांगतो तसं लिहून घ्या. सूनबाई रिसीव्हर घ्यायला पुढे आली होती, पण श्रुतलेखन हा माझा विषय. मी वही उघडली.

त्याने सांगितलं ते असं. वीज बंद करून वायर काढायची. उघड्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरून जाते, नाही तर बोटाच्या एका ठिणगीने यंत्राचा मेंदू मरतो. पेटीचं झाकण काढायचं. आत अॅल्युमिनियमच्या पात्यांचा एक ठोकळा दिसेल, डोक्यावर छोटा पंखा असलेला, त्याला हीटसिंक म्हणतात. पंख्याची वायर उपसून मग कडी काढून तो उचलायचा. त्याच्याखाली चौकोनी प्रोसेसर, हाच मेंदू. बाजूची दांडी वर केली की तो आपोआप सुटतो, ओढायचा नाही. सगळीकडचं पीठ झाडायचं. प्रोसेसरवरचा वाळलेला लेप स्पिरिटने पुसायचा. परत बसवताना त्याचा खुणेचा कोपरा खाचेच्या खुणेच्या कोपऱ्याशी जुळवायचा, जोर लावायचा नाही, दांडी खाली. वर नवा लेप तिळाएवढा. मग हीटसिंक, मग कडी. पंख्याची वायर तिच्या खुंटीत. मग झाकण.

लेपाची नळी तो एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवणार आहे.

८ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस भूक लागली नाही, इतका आनंद होता. सोमेश्वरची सूचना गद्यात आहे, आणि गद्य ऐन वेळी आठवत नाही. छत्तीस वर्षं मी नद्यांची नावं, पाढे, शुद्धलेखनाचे नियम, सगळं पद्यात बांधून शिकवलं. वृत्त निवडलं भुजंगप्रयात. लघु-गुरु-गुरु, चार वेळा. सापासारखं सरळ आत जातं, बाहेर येत नाही.

असावी विजेची कळी बंद आधी
शिवा लोह, हाती न ठेवा उपाधी
पुसा जीर्ण लेपा, पुन्हा ना उरावे
तिळाएवढे नव्य ते सारवावे

अशी एकूण अठ्ठावीस चरणं. सूनबाईने विचारलं, कळी म्हणजे? म्हटलं, कळ, बटण. कवीला एवढी मोकळीक असते.

एकच ठिकाणी अडलो. ‘पंख्याची’. तिन्ही अक्षरं गुरू. भुजंगप्रयातात हा शब्द कुठूनच आत शिरत नाही, आडवा धरा की उभा. पहाटेपासून दुपारपर्यंत झगडलो आणि ती वायरची ओळ सोडून दिली. छोटी तर गोष्ट आहे. पंखा आहे म्हटल्यावर त्याचं त्याला कळेलच.

पूर्ण झाल्यावर गिरणीत जाऊन वीरेशला वाचून दाखवलं. पट्टा चालू होता, त्याला ऐकू आलं नसावं. मान मात्र हलवली.

१० फेब्रुवारी, गुरुवार

आज शस्त्रक्रिया झाली.

दवाखान्यातल्या कंपाउंडरने स्पिरिट दिलं. लोखंडाला हात लावण्यासाठी मी बोअरच्या पाइपला मिठी मारून आलो, म्हणजे काही शंका नको. सूनबाईने झाकण काढलं, मी चरण म्हणत होतो.

हीटसिंकच्या पात्यांमधे पीठ असं बसलं होतं की पातं वेगळं दिसेना. ओल धरून, तापून, भाजून त्याचा पापुद्रा झालेला. वीरेशच्या गिरणीतल्या कुंच्याने सूनबाईने ते हळूहळू मोकळं केलं. माझी पत्नी जगदेवी दारात उभी होती, ती म्हणाली, “एका भाकरीचं हाय.” वास घेऊन पुढे म्हणाली की बंकटची ज्वारी दिसती, त्याचीच अशी कुबट असती.

प्रोसेसर हातात घेतला. पाठीला सोन्याचे शेकडो केस, उभे, एका उंचीचे. पाटीच्या फुटक्या कोपऱ्यासारखा एक कोपरा खुणेचा. एवढ्याशा चौकोनात सगळी विद्या! क्षणभर वाटलं, कुणी मला लहानपणी असं काही हातात दिलं असतं तर.

मग अडचण आली. जुना लेप पुसला, पण नवी नळी कंडक्टरकडून अजून आलेली नाही. लेप तर पाहिजे. सूनबाई म्हणाली थांबू या. मी म्हटलं, पांढरी बारीक पूड, तेलात कालवलेली, एवढंच ते असणार. देवघरातून विभूतीचा खडा आणला, सहाणेवर उगाळला, खोबरेल तेलाचे दोन थेंब घातले. तिळाएवढं बोटावर घेतलं खरं, पण साठ वर्षांची सवय, तीन बोटं आपोआप पुढे गेली आणि प्रोसेसरच्या कपाळावर तीन आडवे पट्टे उमटले. इतका शोभला तो! पुसायचं पाप माझ्याने होईना. सूनबाई पट्ट्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, असू द्या मामा, आज.

सगळं बसवलं. वीज लावली. तीन मिनिटांत बंद.

आठाचे तीन झाले. वीरेश पिठाने पांढरा झालेला दारात आला, बघितलं आणि मिरचीवाल्याचं पत्र खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवलं.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

सूनबाई माझी कविता घेऊन बसली होती. अठ्ठावीस चरणं बोटाने मोजली आणि विचारलं, “मामा, हीटसिंकच्या नंतर एखादी ओळ राहिली का हो?”

मी जरा तोडून बोललो. म्हटलं, कवितेत काही राहत नसतं, जे नको ते कवी वगळतो. ती बरं म्हणाली. सासऱ्याला उलट बोलायची तिची रीत नाही. पण ती ओळ खरंच राहिली आहे. मी वगळली नाही, मला जमली नाही. हे या वहीशिवाय कुणाला सांगणार?

१३ फेब्रुवारी, रविवार

जमली!

‘पंख्याची’ शब्द सोडूनच दिला. पंखा म्हणजे वारा, वारा म्हणजे समीर.

समीरास वेगे मिळो तार साची

लघु-गुरु-गुरु, चारही गण चोख. काल संध्याकाळी जेवताना मी ती सगळ्यांना म्हणून दाखवली आणि सूनबाईला अर्थही सांगितला. आज सकाळी अंघोळ करून, यंत्रासमोर उभं राहून अख्खी कविता नव्या ओळीसकट म्हटली आणि वीज लावली. आतला पंखा फिरू लागला. मी झाकणाच्या जाळीतून डोळ्यांनी पाहिला. गुरुवारी तो मुळीच फिरत नव्हता, हे आज तो फिरताना पाहूनच लक्षात आलं.

सूनबाईला बोलावलं. ती चुलीपुढून आली, बघितलं आणि म्हणाली, “ओळ चांगली जमलीय, मामा.” तिच्या पदराच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर बांधलेला होता. चुलीपुढे काय लागतं त्याचं, देव जाणे.

पंचवीस मिनिटं चाललं यंत्र. पंचवीस!

१५ फेब्रुवारी, मंगळवार

विभूतीचा बोभाटा झाला. जगदेवीने छबुबाईला सांगितलं, छबुबाईने दळणाच्या रांगेत. काल मंजुळाबाईच्या टीव्हीवर तीन पट्टे दिसले. आज सकाळी बूथवाल्याच्या मीटरवर. सटवा सांगत होता की हायवेवरच्या पंक्चरवाल्याने हवा भरायच्या यंत्रालाही लावलेत. सटवाने स्वतःच्या रेडिओला मात्र भंडारा लावला, कारण ज्याचा त्याचा देव वेगळा.

दुपारी दोघं नवरा-बायको चार कोसांवरून आले, आकडी येणारं पोर घेऊन. दर्शन घ्यायचं म्हणाले. कशाचं, विचारलं. “ज्याला दीक्षा दिली त्या मशिनीचं.” सूनबाईने त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं की मशीन झोपलंय.

वीरेश माझ्यावर चिडला आहे. गिरणीत माणसं येतात ती दळण न आणता. तो म्हणाला, “अप्पा, ही पिठाची गिरणी हाय, नारायणगडाचं देवस्थान न्हाई.”

मला लाज वाटली, आणि थोडं बरंही वाटलं. रिटायर झाल्यापासून माझ्यामुळे गावात काही झालं नव्हतं.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

पंचवीसचे अठरा झाले, अठराचे बारा. विभूती आत वाळली असावी. पुन्हा ताप. आठ दिवस राहिले.

सूनबाईला म्हटलं की पट्टे पुन्हा ओढू, या वेळी गाईचं तूप घालून. ती म्हणाली, बघू. मी ‘बघू’ या शब्दाला ओळखून आहे. छत्तीस वर्षं मुख्याध्यापकांकडून ऐकलाय.

खरं लिहायचं तर या वहीत मी क्लास क्लास करतोय तो तिच्यासाठी आहे का, याचीच शंका येते. त्या खोलीत फळा येणार आहे. फळ्याचा वास मला झोपेतही ओळखू येतो. तिथे मिरची आली तर मी कुठे बसायचं?

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवण झाल्यावर मी पुढच्या खोलीतल्या बाजेवर पडलो होतो. गिरणी दुपारच्या सुट्टीत बंद. डोळा लागला नव्हता, पण घोरत असलो पाहिजे, कारण सूनबाई आली ती पावलं न वाजवता.

तिने दार लावलं. वायर उपसली. खिडकीच्या गजाला हात लावला. पदरातून स्क्रू-ड्रायव्हर सोडला, झाकण काढलं, आतली बारीक वायर उपसली, हीटसिंक उचलला. किती सराईत चालले तिचे हात! कणिक मळताना चालतात तसे. प्रोसेसर काढून खिडकीत धरला आणि स्पिरिटच्या बोळ्याने माझे तीनही पट्टे पुसून टाकले. अगदी हलक्या हाताने. बोळा टाकून न देता तिने तुळशीत नेऊन ठेवला, परत आली. मग एक नळी काढली. सोमेश्वरची, कंडक्टरने कधी आणून दिली कोण जाणे. तिळाएवढा थेंब. कोपरा कोपऱ्याशी. दांडी. हीटसिंक. कडी.

आणि इथे तिचे हात थांबले. ती हळूच, स्वतःशीच म्हणाली, “समीरास वेगे मिळो तार साची,” आणि पंख्याची वायर खुंटीत बसवली.

रविवारी पंखा का फिरला ते मला आज कळलं.

मी डोळे मिटून घेतले. कूस बदलली असती तर तिला कळलं असतं. अर्धा तास एकाच कुशीवर पडून राहिलो, मुंग्या आल्या तरी.

१९ फेब्रुवारी, शनिवार

यंत्र दीड तास चाललं, वीज गेली म्हणून थांबलं. स्वतःहून नाही.

मी सगळ्यांना सांगितलं, कविता मुरली. सूनबाई हो म्हणाली. दोघं एकमेकांकडे न बघता बोललो.

पण ती सांगते की पलीकडे गिरणी चालू असेल तर पीठ येतच राहणार. मुआयन्याच्या दिवशी दोन तास गिरणी बंद ठेवायला हवी. तिने जेवताना वीरेशला विचारलं. शुक्रवारी शिवरात्रीच्या आधीची दळणं असतात, लई गर्दी. वीरेशने ताटातली भाकरी संपवली, हात धुतला आणि बाहेर गेला. ना हो, ना नाही.

जगदेवी मला म्हणाली, तुम्ही सांगा त्याला. मी बाप आहे, पण गिरणी त्याची आहे. मी तीन वेळा गिरणीच्या दारापर्यंत जाऊन आलो.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहितो.

अकराला साहेब आले. जीपमधून, पांढरा शर्ट, कातडी बॅग. सूनबाईने यंत्र चालू केलं. गिरणी धडधडत होती. साहेबांनी घड्याळ बघून वेळ लिहिली. मी दारात उभा राहून नुसता पट्ट्याचा आवाज ऐकत होतो. आणि तो आवाज हळूहळू उतरत गेला, उतरत गेला आणि थांबला. वीरेशने पट्टा उतरवला होता.

बाहेर दळणाच्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यात कडूबाई, सटवाची सगळ्यांत धाकटी बहीण, तोंडाची तिखट. “वीरेश, दळण कावून थांबलंय?” वीरेशने सांगितलं, एक वाजेपर्यंत बसा. ती म्हणाली की बसतो, पण घरी भाकरीची वेळ तू सांगायला जा. तरी उठली कुणीच नाही. डबा रांगेतून काढला की नंबर जातो.

पहिला तास गेला. साहेब खुर्चीत, सूनबाई यंत्रापुढे, मी बाजेवर. पंख्याचा बारीक आवाज. आयुष्यात इतकं लक्ष देऊन मी दुसरं काही ऐकलं नसेल. साहेबांना एकदा डुलकी लागली. सव्वा बाराला त्यांनी पेटीला हात लावला, चांगली गार आहे म्हणाले आणि विचारलं की आतलं काम कुणी केलं.

सूनबाई म्हणाली, “मामांनी. आमचे सासरे, रिटायर शिक्षक आहेत.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. कपाळाचे पट्टे, धोतर, चष्मा. त्यांना ते पटलं. छान, म्हणाले, आणि फॉर्मवरच्या ‘प्रशिक्षक’ या रकान्यापाशी पेन नेलं. “गुरुजी, पूर्ण नाव?”

मी उठलो. मला माझं नाव माहीत आहे. त्या रकान्यात ते किती बरं दिसलं असतं. फळा, खडू, समोर पोरं. सूनबाई माझ्याकडे बघत नव्हती.

“साहेब, मी नुसती कविता म्हटली,” मी म्हणालो. “बसवलं हिनं. मी झोपलेलो असताना. तिथं शिवांजली लिहा.”

सूनबाईने एकदम वर बघितलं. मग पदर नीट केला. साहेबांनी तिला दोन-चार प्रश्न विचारले, लेप किती, जास्त झाला तर काय, कोपरा उलटा बसला तर काय. तिने एकेकाचं उत्तर दिलं, न अडता, गद्यात. त्यांनी तिचं नाव लिहिलं.

एक वाजला. यंत्र चालू होतं. मला वाटलं झालं. साहेबांनी पान उलटलं आणि म्हणाले, “आता प्रवेश घेतलेल्यांची यादी. किमान दहा.”

यादी नव्हती. पत्रात कुठेही तसं लिहिलेलं नव्हतं. सूनबाईने तसं सांगितलं. साहेब म्हणाले की नवा नियम आहे, यादी नसेल तर पुढच्या वर्षी बघू. ते चांगले गृहस्थ होते, त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

तेव्हा वीरेश दारातून आत आला. पिठाचा हात विजारीला पुसला.

“यादी हाय की, साहेब. लिहून घ्या.”

तो बाहेर वळला आणि रांगेतल्या पहिल्या डब्याकडे बघितलं. आमच्याकडे प्रत्येक डब्यावर ऑइल पेंटने नाव घातलेलं असतं, आणि ते घरच्या पुरुषाचं असतं. पण कुठला डबा कोण उचलून आणतं ते गिरणीवाल्याला पाठ असतं. डब्यावर ‘बंकट’ होतं, वीरेश म्हणाला, “मुक्ताबाई.” पुढच्या डब्यावर छबुबाईच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव, तो म्हणाला, “छबुबाई.” मग मंजुळाबाई. मग केसरबाई. डब्यामागून डबा. ज्या बाईचं नाव येई ती दचकून मान वर करी.

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी बायकांनाच विचारलं की तुम्ही क्लासला बसणार का.

मग कडूबाई म्हणाली, “दळण व्हईस्तोर रोज हितं बसतोच की. भायेर बसायचं ते आत बसू.”

“लिहिता-वाचता येतं?”

“ह्या गुरुजींनीच शिकिवलंय चौथीपत्तुर. दोन कविता पाठ हायत. म्हणू का?”

साहेबांनी नको म्हटलं आणि तिचं नाव लिहिलं. रांग संपली. नऊ झाली होती. वीरेश रस्त्याकडे बघू लागला, कुणी डबा घेऊन येतंय का. कुणी येत नव्हतं.

मी विचारलं, फॉर्मात वयाची वरची मर्यादा आहे का. साहेबांनी चष्मा काढून दोन्ही बाजू वाचल्या. नव्हती.

दहावं नाव माझं आहे.

जीप गेल्यावर वीरेशने पट्टा चढवला आणि संध्याकाळपर्यंत थांबला नाही. मिरचीचं यंत्र मागच्या पत्र्याखाली बसवतो, एवढं जेवताना म्हणाला. सूनबाईने त्याला न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

६ मार्च, सोमवार

शिवरात्र झाली. आज पहिला वर्ग. दोन ते चार, गिरणीच्या सुट्टीला जोडून. वीरेशने दोन तास बंद ठेवायचं कबूल केलंय. मागे मिरची चालू असल्याने सगळा वर्ग शिंकत होता.

नऊ बायका, डबे बाहेर रांगेत ठेवून. मी मागच्या बाकावर, खिडकीशी. फळा नवा आहे. त्यावर शिवांजलीने तारीख घातली, अक्षर बरं आहे, वेलांटी जरा लांबते. मी तारीख वहीत उतरवून घेतली.

मग तिने रजिस्टर उघडलं. कडूबाई. हजर. मुक्ताबाई. हजर म्हणताना मुक्ताबाई उभी राहिली आणि हसून खाली बसली. छबुबाईने “हाय की, दिसंना का?” असं उत्तर दिलं. मंजुळाबाई. केसरबाई. बाकीच्या चार.

दहाव्या नावापाशी तिचं बोट थांबलं. सून सासऱ्याचं नाव घेत नाही. आमच्याकडे कधीच कुणी घेतलेलं नाही, जगदेवीने माझ्या वडिलांचं नाव ते गेल्यावरसुद्धा घेतलं नाही. नऊही जणींना कळलं होतं, आता ही काय करते म्हणून त्या बघत होत्या. शिवांजलीने ओठ हलवले, रजिस्टरवरून नजर उचलली आणि सबंध खोली ओलांडून माझ्याकडे बघितलं.

मी उभा राहिलो.

“हजर, बाई,” म्हणालो.

तिने माझ्यासमोर खूण केली आणि शिकवायला सुरुवात केली.